कडेच्या बाकावरून

माझ्या टेबलाच्या खणात एका विद्यार्थ्याची जुनी प्रयोगवही पडून आहे. तिच्यातील एका आकृतीवर मी लाल पेन्सिलीने फुली मारलेली आहे. ती फुली अलीकडे मला स्वस्थ बसू देत नाही.

प्रयोग तसा साधा. एकात एक बसविलेल्या दोन नळकांड्यांमधील फटीत पाणी भरायचे, त्यात चिमूटभर अभ्रकाची पूड मिसळायची आणि आतले नळकांडे फिरवायचे. बाहेरचे काचेचे असल्यामुळे आतला खेळ दिसतो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला, की पाण्यात एकावर एक चढविलेल्या बांगड्यांसारखी वलये उमटतात. ही मर्यादा जी. आय. टेलर यांनी १९२३ साली गणिताने आणि प्रयोगानेही निश्चित केली.

मला जेथे उजळ पट्टा दिसला, तेथे त्या विद्यार्थ्याने काळा काढला होता. “सर, मला तसाच दिसला,” तो म्हणाला. “आधी पाहायला शिका,” मी म्हणालो आणि गुण कापले. तो वाद न घालता निघून गेला.

गेल्या पावसाळ्यात तेच उपकरण चालू असताना मी सहज कडेच्या बाकावर जाऊन बसलो. पाहतो तो उजळ पट्टा काळवंडलेला!

खरे तर हे मला ठाऊक असावयास हवे होते. अभ्रकाचा प्रत्येक कण म्हणजे इवलासा आरसा. चिकट द्रवाचे थर एकमेकांवरून सरकत असता असा चपटा, ताठर कण एकसारख्या गतीने गिरक्या घेत नाही. बराच काळ तो थरांना धरून पडून राहतो आणि मग चटकन कोलांटी घेतो. जी. बी. जेफरी यांच्या १९२२ च्या गणितातून हे निघते. त्यामुळे प्रवाह जसा वळतो तसे बहुतेक कण कलतात. तो कल दिव्याचा किरण ज्याच्या डोळ्यांत पोचवील त्याला उजेड, इतरांना अंधार. पट्टा उजळ दिसला म्हणून तेथे वेग अधिक किंवा अभ्रक अधिक, असे मुळीच नाही.

हल्ली मी विद्यार्थ्यांना आकृतीखाली दिवा कोठे होता आणि पाहणारा कोठे बसला होता, हे लिहावयास सांगतो. त्या जुन्या आकृतीखाली मीच लिहिले आहे : ‘पाहणारा कडेच्या बाकावर. आकृती बरोबर.’

वही न्यायला मात्र तो कधीच आला नाही.