मँचेस्टरची गाणारी घरे

मँचेस्टर हे नाव मी भूगोलाच्या पुस्तकात वाचले, त्याच्या कितीतरी आधी ते घरात ऐकले होते. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, इंदूरच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात कामाला होते. गिरणीतले जुने साचे लँकेशायरहून आलेले. त्यांच्या लोखंडी अंगावर तिकडच्या कारखान्यांची नावे ओतलेली असत. पहाटेचा भोंगा झाला की नाना पायांत चपला सरकवीत म्हणायचे, "चला, मँचेस्टरची चाकरी!"

गिरणीच्या आवारात एक मोठा कडुनिंब होता. त्याखाली दर गुरुवारी नानांचे भजनी मंडळ बसे. पुढे गिरणी बंद पडली, आवाराला कुलूप लागले आणि मंडळ आमच्या वाड्याच्या ओसरीवर येऊन बसू लागले. नाना गेले तरी गुरुवार चुकला नाही. गेल्या वर्षी मी मुलीकडे मँचेस्टरला निघाले, त्याच्या आदल्या रात्री धाकट्या भावाने विषय काढला. "ताई, वाडा आता बिल्डरला द्यावाच लागणार. पण गुरुवारच्या मंडळींना काय सांगू? आणि नानांची पेटी कुठे ठेवू?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो प्रश्न तसाच बरोबर घेऊन मी विमानात बसले.

मँचेस्टरचा पाऊस आपल्या माळव्यातल्या पावसासारखा गाजावाजा करून येत नाही. तो दिवसभर नुसता झिमझिमत असतो. अशाच एका ओल्या सकाळी मुलीने मला पीटर स्ट्रीटवर नेले आणि एका भव्य दगडी कमानदार इमारतीपुढे उभे केले. "आई, हा फ्री ट्रेड हॉल. इथे गाणे व्हायचे." मी दारातून आत डोकावले, तो आत हॉटेल! हातात बॅगा घेतलेले प्रवासी, मंद दिवे आणि गुळगुळीत फरशी. गाण्याचा मागमूसही नव्हता.

या जागेचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. पूर्वी इथे सेंट पीटर्सचे मैदान होते. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताचा हक्क मागण्यासाठी सुमारे साठ हजार माणसे, त्यांत कितीतरी विणकर, या मैदानावर जमली. त्यांच्यावर घोडेस्वार घालण्यात आले. पंधरा ते अठरा जीव गेले आणि शेकडो माणसे जखमी झाली. पुढे धान्यावरील जकातीचे कायदे रद्द करण्याची चळवळ याच जागी उभी राहिली. त्या चळवळीसाठी आधी लाकडाचे, मग विटांचे सभागृह झाले आणि १८५६ साली एडवर्ड वॉल्टर्स यांनी आखलेली ही दगडी वास्तू पुरी झाली. सभागृहाला कोणा राजाचे वा संताचे नाव न देता खुल्या व्यापाराचे नाव दिले, यातच त्या शहराचा स्वभाव दिसतो. त्याच खुल्या व्यापाराने आपल्याकडच्या किती विणकरांचे माग थांबवले, हे आठवून त्या कमानींपुढे माझे मन थोडे कडू झाले, हेही प्रांजळपणे सांगते.

पण शहर म्हणजे केवळ त्याचे गिरणीमालक नव्हेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तिकडचा कापूस येईनासा झाला. मुंबईच्या कापूसबाजारात त्या दिवसांत सोन्याचा पाऊस पडला, तो यामुळेच. इकडे लँकेशायरचे कामगार मात्र उपाशी पडले. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी याच सभागृहात सभा भरवली आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा देणारे पत्र अब्राहम लिंकन यांना धाडले. पुढच्याच महिन्यात लिंकन यांचे आभाराचे उत्तर आले.

याच छताखाली गाणे आणले ते एका परक्या माणसाने. चार्ल्स हॅले हा मूळचा जर्मन पियानोवादक. १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत पॅरिस सोडून तो इंग्लंडला आला आणि मँचेस्टरमध्ये स्थिरावला. तिथे तोवर मैफली होत नव्हत्या असे नव्हे. पण त्या वर्गणीदार सभ्य गृहस्थांच्या, इतरांना दार बंद. १८५७ साली शहरात कलेचे मोठे प्रदर्शन भरले, त्यासाठी हॅलेने मोठा वाद्यवृंद जमवला. प्रदर्शन संपल्यावर हे वादक पांगणार, ही कल्पना त्याला सोसवेना. त्याने पदरचा पैसा लावला आणि ३० जानेवारी १८५८ पासून फ्री ट्रेड हॉलमध्ये तिकिटे लावून सर्वांसाठी वादन सुरू केले. स्वस्त जागाही ठेवल्या. पहिल्या हंगामात तीस मैफली झाल्या आणि नफा झाला अवघा तीस पेन्स, दर मैफलीमागे एक पेनी! दुसरा कोणी असता तर त्याने गाशा गुंडाळला असता. हॅलेने पुढचा हंगाम जाहीर केला. त्याच्या नावाचा तो वाद्यवृंद आजही वाजतो आहे.

दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४० मध्ये, जर्मन बाँबफेकीत हे सभागृह जळून गेले. उभ्या राहिल्या त्या बाहेरच्या भिंती. मग वाद्यवृंदाने काय केले? तो जागा मिळेल तिथे वाजवू लागला. बेल व्ह्यू नावाच्या करमणुकीच्या बागेत एक प्रचंड सभागृह होते. तिथे सर्कस चाले, मुष्टियुद्धे होत. तिथेच जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली बीथोव्हेन वाजू लागला आणि हजारोंनी माणसे ऐकायला आली. १९५१ साली फ्री ट्रेड हॉल पुन्हा उघडला, तोवर हे असेच चालले.

नव्या पिढीची गाणीही याच वास्तूने पाहिली. १७ मे १९६६ रोजी बॉब डिलन इथे विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा जुन्या लोकगीतांवर प्रेम करणाऱ्या एका श्रोत्याने त्याला भर सभेत 'ज्यूडास', म्हणजे विश्वासघातकी, म्हटले. त्या कार्यक्रमाचे चोरून विकले गेलेले ध्वनिमुद्रण लंडनच्या एका सभागृहाच्या नावावर जगभर फिरले, हा आणखी एक विनोद. ४ जून १९७६ रोजी वरच्या मजल्यावरील छोट्या दालनात 'सेक्स पिस्टल्स' नावाच्या टोळक्याचा कर्कश कार्यक्रम झाला. श्रोते मोजकेच होते. पण त्यांतल्या काही पोरांनी घरी जाऊन स्वतःच वाद्ये हाती घेतली आणि पुढे त्यांच्या वाद्यवृंदांनी मँचेस्टरचे नाव गाजवले.

त्यांच्यापैकीच काहींच्या कमाईतून १९८२ साली कालव्याजवळच्या एका जुन्या गोदामात 'हासिएंदा' नावाचा क्लब निघाला. तिथे रात्ररात्र नाचगाणे चाले. तो १९९७ साली बंद पडला, २००२ साली इमारत पाडली आणि त्या जागी त्याच नावाची सदनिकांची इमारत उभी राहिली. जावई मला ती दाखवीत म्हणाले, "आई, नाव राहिले, आवाज गेला." ज्या सदनिकांना गाण्याच्या कीर्तीने भाव येतो, त्यांतलेच रहिवासी पुढे गाण्याचा त्रास होतो म्हणून तक्रार करतात, असा अनुभव त्या शहराला अनेकदा आला आहे. ओल्डहॅम स्ट्रीटवरच्या एका छोट्या कॅफेचे असे प्रकरण २०२१ पासून २०२४ पर्यंत चालले.

हॅलेचा वाद्यवृंद १९९६ साली नव्या ब्रिजवॉटर हॉलमध्ये गेला. बाहेर ट्रॅम धावते, तिचा कंप आत पोहोचू नये म्हणून ती सारी वास्तू सुमारे २८० स्प्रिंगांवर तोलून धरली आहे. मुलीने तिथले तिकीट काढले. पाश्चात्त्य संगीतातले मला फारसे कळत नाही. पण वादनापूर्वी सारे वादक एका सुरात वाद्ये मिळवू लागले, तेव्हा मला आमच्या ओसरीवर तंबोरा लावणारे नाना दिसले आणि डोळे भरून आले.

परतताना आम्ही शहराच्या मोठ्या अरीनावरून गेलो. २२ मे २०१७ च्या रात्री तिथे गाण्याचा कार्यक्रम संपवून घरी निघालेल्या लोकांत बाँबस्फोट झाला. बावीस माणसे मेली, त्यांत आठ वर्षांची मुलगीही होती. तीन दिवसांनी सेंट अ‍ॅन चौकात फुलांच्या राशींभोवती लोक स्तब्ध उभे होते. मौन संपले आणि गर्दीतून एका बाईने गाणे धरले. हळूहळू साऱ्या चौकाने ते उचलले. सप्टेंबरमध्ये अरीना पुन्हा उघडला, तोही गाण्यानेच. मुलगी त्या दिवसांत तिथेच होती. हे सांगताना तिचा आवाज कापत होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या शहराने आपल्या नामांकित सभागृहाचे हॉटेल केले, क्लबच्या जागी सदनिका बांधल्या, त्या शहरात गाणे का थांबले नाही? जळक्या भिंती सोडून सर्कशीच्या रिंगणात बसायला ते लाजले नाही, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी "या, इथे बसा" म्हणणारा निघाला. वास्तू पडली याचे दुःख खरेच. पण तसे म्हणणारे माणूस उरले नाही, तर मग सारेच संपले.

इंदूरला तेव्हा पहाट झाली होती. मी भावाला फोन लावला. "वाडा द्यायचा तर दे. पेटी मात्र माझ्याकडे पाठव. गुरुवारी मंडळी माझ्याकडे बसतील."

तो म्हणाला, "ताई, तुझा तिसरा मजला! म्हातारी माणसे चढतील कशी? आणि शेजारी तक्रार करतील त्याचे काय?"

"लिफ्ट आहे," मी म्हटले, "आणि शेजाऱ्यांना आधी बोलावू. प्रसादासकट."

आता चार महिने झाले. जागा अपुरी पडते, दोघेतिघे जिन्यात बसतात. समोरच्या बिऱ्हाडातल्या सूनबाई पहिल्या गुरुवारी कपाळाला आठ्या घालून आल्या होत्या. गेल्या गुरुवारी त्या झांजा मागून घेऊन वाजवीत होत्या. ताल जरा चुकत होता. कोणी काही बोलले नाही.