नकाशातले आरक्षण

आरक्षण म्हटले की आपल्याला नोकरी, शिक्षण आणि राखीव मतदारसंघ आठवतात. नगररचनेच्या कार्यालयात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे आरक्षण म्हणजे उद्यान, रस्ता, बाजार अशा कामांसाठी नकाशावर राखून ठेवलेली जमीन. पहिल्या आरक्षणामुळे आपली मुले शिकली. दुसऱ्यामुळे आपली घरे जाऊ शकतात. तरीही आपल्या सभांमध्ये दुसऱ्याची चर्चा क्वचितच होते.

आम्हाला ती गरजेपोटी करावी लागली. आमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा आम्ही जिथे काम करतो त्या वस्तीवर उद्यानाचा हिरवा रंग होता. त्याआधीच्या जमीन वापराच्या नकाशात ती जागा मोकळी दाखवलेली होती. तीन पिढ्या तिथे राहतात, विहार आहे, अंगणवाडी आहे. नकाशात मात्र कोणीच नाही. जी यंत्रणा दरवर्षी घरपट्टी वसूल करते, तिलाच घर दिसू नये?

हरकतींसाठी ३० दिवस होते. आम्ही दारोदार फिरलो. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, मतदारयादीची पाने जोडून प्रत्येक घराची वेगळी हरकत दिली. सुनावणीला बायाबापड्या रोज बुडवून आल्या. बाहेर पडताना एका आजीने विचारले, "बाळा, हे शेवटी ठरवणार कोण?"

या प्रश्नाच्या उत्तरासाठी आम्ही कायदा वाचायला घेतला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आराखडा स्थानिक संस्था तयार करते. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे सदस्य असतात, तसेच बाहेरून नेमलेले तज्ज्ञही असतात. कलम ३१ खाली अंतिम मंजुरी राज्य शासन देते, आणि मंजुरीनंतरही कलम ३७ खाली फेरबदल होऊ शकतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बारावी अनुसूची लागू झाली. तिच्यात पहिलाच विषय नगररचनेचा आहे. पण हे अधिकार राज्य विधिमंडळ नगरपालिकांना देऊ शकेल, एवढेच संविधानात म्हटले आहे. सारे राजकारण या 'शकेल' मध्ये आहे.

पुण्याचे उदाहरण पाहा. जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नियोजन समितीत महापालिकेचे तीन आणि शासनाने नेमलेले चार सदस्य होते. त्यांच्यात एकमत झाले नाही. मार्च २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचा पहिला मसुदा चुकांमुळे एप्रिल २०१५ मध्ये रद्द झाला. लोकांनी त्या चुका उघड केल्या होत्या. म्हणजे वरून हस्तक्षेप कधी लोकांच्या बाजूनेही होतो.

मग सगळा अधिकार स्थानिक संस्थेला द्या, असे आपण म्हणायचे का? आंबेडकरी माणूस हे डोळे झाकून म्हणणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेच्या गोडव्यावर कठोर टीका केली होती. स्थानिक सत्ता बहुतेक वेळा स्थानिक जातीच्या हातात असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. स्मशानभूमी आणि कचरा डेपो नकाशावर कोणाच्या वस्तीशेजारी येतात, ते तपासून पाहा.

पण एक फरक आम्हाला निर्णायक वाटतो. निवडून आलेल्या नगरपालिकेत अनुच्छेद २४३ टी नुसार अनुसूचित जातींच्या जागा राखीव आहेत. आराखडा तिथून उठून तज्ज्ञांच्या समितीकडे किंवा प्रशासकाकडे गेला, की ते राखीव प्रतिनिधित्व संपते. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली, आणि त्यानंतर काही वर्षे तिथे प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात आपला नगरसेवकच सभागृहात नव्हता, तर नकाशावर आपल्या बाजूने बोलणार कोण?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. राज्याने समन्वय जरूर करावा. पाणी, रस्ते, नदीचे पात्र एका शहराच्या हद्दीत संपत नाहीत. पण नियोजन समितीत आपले प्रतिनिधित्व कायद्याने असावे. आणि शासन आराखड्यात जो बदल करेल, तो लेखी कारणासह वस्तीत मराठीत लावला जावा.

मित्रांनो, तोवर थांबू नका. आपल्या शहराचा आराखडा कुठल्या टप्प्यावर आहे ते माहितीच्या अधिकारात विचारा. प्रारूप येण्याआधीच जमीन वापराचा नकाशा मागा, आणि आपली वस्ती त्यात आहे का ते पाहा. नसेल तर पुरावे आताच गोळा करा. जयंतीच्या वर्गणीची वही जितकी चोख असते, तितकीच चोख घरपट्टीच्या पावत्यांची फाइल ठेवा.

आमच्या वस्तीची फाइल सध्या मंत्रालयात आहे. आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हाला सापडले: शेवटची सही शासनाची. उरलेले अर्धे आपल्या संघटित रेट्यावर अवलंबून आहे.

जय भीम!