भिंत सरकवण्याचे शास्त्र

घरात जागा नाही, ही तक्रार पुष्कळदा खरी नसते. जागा असते, परंतु ती हवी तेथे नसते. कोठीची खोली निम्मी रिकामी, आणि स्वयंपाकघरात पाट मांडावयास ठाव नाही, अशी अवस्था जुन्या वाड्यांतून आपण पाहतोच. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातील संगणकाची नेमकी हीच अवस्था झाली होती.

हा संगणक लिनक्सवर चालतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली जिचा गाभा लिहिला, तीच ही प्रणाली. आरंभाचा चिमुकला विभाग सोडला, तर ५०० जीबीच्या डिस्कवर ओळीने तीन खोल्या होत्या : २० जीबीचे ‘रूट’, ४ जीबीचे ‘स्वॅप’ आणि उरलेले सारे ‘होम’. रूटमध्ये प्रणालीचे बिऱ्हाड असते, होममध्ये आपले कागदपत्र. रूट काठोकाठ भरले आणि नवी आवृत्ती चढेना. जुने कर्नल, उतरवून घेतलेली पॅकेजे, साचलेल्या नोंदी हा सगळा केर आम्ही आधी काढला. तरीही जागा पुरेना. होम मात्र अर्धे रिकामे!

सारे पुसून नव्याने मांडावे, असेही कोणी सुचविले. पण त्या होममध्ये शाळेच्या जुन्या वार्षिकांची पाने होती, आणि गावातील आजीबाईंच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. त्यांतील काही आजी आज हयात नाहीत. तो आवाज गेला असता, तर पुन्हा कोठून आणावयाचा?

म्हणून पहिले काम प्रत काढण्याचे. दुसऱ्या डिस्कवर सर्व उतरवून घेतले, आणि दुसऱ्या संगणकावर फाइली उघडून, ओव्या ऐकून खात्री केली. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबणे हे न मोजलेल्या पैशांवर विसंबण्यासारखेच होय.

विभाग वाढवावयाचा, तर मोकळी जागा त्याला लागूनच असावी लागते. येथे मध्ये स्वॅप उभे! शिवाय एक्स्ट-४ ही फाइल-प्रणाली वापरात असतानाही वाढविता येते. लहान करावयाची, तर तिचा वापर थांबवावाच लागतो. यास्तव आम्ही पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू केला आणि ‘जीपार्टेड’ उघडले. होम ४० जीबीने आखडले, मग उजवीकडे सरकविले. त्यामागून स्वॅप सरकविले. शेवटी रूट ६० जीबीचे केले. सांगावयास एक वाक्य पुरते. परंतु होम सरकविणे म्हणजे आतील सर्व माहिती उचलून पुढे मांडणे. त्याला कित्येक तास लागले. मध्येच वीज गेली असती, तर निम्मे सामान इकडे आणि निम्मे तिकडे झाले असते. इन्व्हर्टर जोडलेला असूनही आम्ही आळीपाळीने पहारा केला. सायंकाळी संगणक सुरळीत सुरू झाला, आणि होममधील पहिली ओवी ऐकू आली, तेव्हा सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. आखडताना आधी फाइल-प्रणाली आवरावी, मग विभागाची भिंत आत घ्यावी. वाढविताना आधी भिंत बाहेर सारावी, मग फाइल-प्रणाली पसरावी. हा क्रम उलटला, तर भिंत सामानावरच कोसळते. जीपार्टेड तो आपण होऊन पाळते. हाताने आज्ञा देणाऱ्याने तो कधीही विसरू नये.

‘एलव्हीएम’ची मांडणी आरंभीच केली असती, तर विभाग लागून असण्याची अट उरली नसती, हे खरे. परंतु ज्यांनी प्रथम खोल्या आखल्या, त्यांना पुढच्यांच्या गरजा कशा दिसाव्यात? घर काय, शाळा काय, भिंती कधी ना कधी सरकवाव्याच लागतात. भिंतीआड काय जपून ठेवलेले आहे, हे आधी पाहावे, आणि मगच हात घालावा.