चाकांवरचे घर

अमेरिकेत 'आर.व्ही.' नावाचे वाहन सर्रास दिसते. शेगडी, फ्रिज, न्हाणीघर आणि पलंग असलेले ते चाकांवरचे घरच असते. निवृत्त झालेली कितीतरी जोडपी त्यातून देश पाहतात आणि हिवाळ्यात ॲरिझोनासारख्या उबदार राज्यात मुक्काम हलवितात.

२०१८ च्या उन्हाळ्यात मोंटाना राज्यातील कॅलिस्पेलजवळच्या एका धर्मग्रामात मी दोन महिने सेवेसाठी होतो. तेथील एक जोडपे मोठ्या पेचात होते. त्यांचे वाहन चोवीस फुटी, 'सी' वर्गातले. म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले. आता बससारखे दिसणारे, 'ए' वर्गातले छत्तीस फुटी वाहन घ्यावे की नाही, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. "फादर, तुम्हीच सांगा," असे म्हणून त्यांनी मला जेवायला बोलाविले.

बाई बोलेनात, हिशेब गृहस्थांनीच मांडला. नवे वाहन दुकानाबाहेर पडताच त्याची किंमत बरीच उतरते. विक्रेता वीस वर्षांचे हप्ते बांधून द्यायला तयार होता. "मी आज अडुसष्ट वर्षांचा आहे. शेवटचा हप्ता भरीन तेव्हा अठ्ठ्याऐंशीचा असेन!" असे म्हणून ते हसले, पण त्या हसण्यात काळजी होती.

मोठ्या वाहनाच्या सोयीही खऱ्या होत्या. जवळच्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून 'गोइंग-टू-द-सन' हा १९३३ साली खुला झालेला घाटरस्ता जातो. त्याच्या डोंगरी टप्प्यावर एकवीस फुटांपेक्षा लांब वाहनास मनाई आहे. त्यांचे चोवीस फुटी वाहनही तेथे चालत नसे. मोठ्या वाहनामागे छोटी मोटार जोडून नेता येते आणि मुक्कामाला पोहोचल्यावर तिच्यातून हिंडता येते. उलट, रानातल्या जुन्या तळांवर छत्तीस फूट मावतील अशा जागा थोड्याच असतात.

मी त्यांना एवढेच सुचविले, की दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, ज्यांच्यावाचून चालणार नाही अशा तीनच गोष्टी लिहाव्यात. बाईंनी लिहिले: रात्री कोणाला न उठविता उतरता येईल असा पलंग, खालची पायरी, हाताशी न्हाणीघर. त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. जुन्या वाहनातला पलंग कोपऱ्यात बसविलेला होता आणि त्या भिंतीच्या बाजूला निजत. उठायचे तर यजमानांना ओलांडून जावे लागे. गृहस्थांनी लिहिले: कर्ज नको, वाहन स्वतःला हाकता यावे, रानातला मुक्काम सुटू नये.

कागद समोरासमोर ठेवले तेव्हा दोघेही गप्प झाले. लांबीचा उल्लेख एकाही कागदावर नव्हता. पत्नीला आराम हवा म्हणून मोठे वाहन घ्यायचे, असे ते समजत होते. आणि त्यांना मोठ्या वाहनाची हौस आहे, असे त्या समजत होत्या. गुडघ्यांचे दुखणे त्यांनी सांगितलेच नव्हते. सांगितले तर प्रवासच थांबेल, ही त्यांची भीती होती.

पुढच्या पंधरवड्यात त्यांनी मधे वाट आणि दोन बाजूंना दोन पलंग असलेले पंचवीस फुटी वाहन चार रात्री भाड्याने घेऊन पाहिले. मग जुने विकून आणि थोडी बचत घालून, त्याच बांधणीचे पाच वर्षे वापरलेले वाहन रोखीने घेतले. घाटरस्त्यावर ते आजही उद्यानाच्या बसनेच जातात.

आपल्याकडेही जुने घर पाडून मजले चढविण्याचे बेत होतात. नकाशे आणि कर्जाचे अर्ज घरात येतात. अशा वेळी मला ते दोन कागद आठवतात. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला पायरी उंच पडते की काय, हे नकाशा काढण्याआधी त्याच्याजवळ बसून विचारलेले बरे. कधी कधी गरज एका पलंगाएवढीच असते.