लढाईच्या आधीचे टर्न

‘टोटल वॉर’ मालिकेतल्या कुठल्याही खेळात लढाईला तोंड फुटण्याआधी पडद्यावर एक पट्टी येते. एका टोकाला आपलं बळ, दुसऱ्या टोकाला शत्रूचं. शत्रूचा रंग सरकत सरकत पार आपल्या कडेपर्यंत आला असेल, तर शहाणा खेळाडू माघारीचं बटण दाबतो. हट्टी खेळाडू हिशेब संगणकावर न सोपवता लढाई स्वतः लढायला घेतो, आणि जिंकलाच तर शेवटी ‘हिरोइक व्हिक्टरी’ची पाटी झळकते. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत दिवस काढून रात्री नेरूळ-खारघरच्या घरी लॅपटॉप उघडणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर या पाटीचे फोटो भलत्या वेळी येऊन पडतात. खाली आकडे असतात : आपले मेले इतके, त्यांचे तितके. आकडा जितका अचाट, तितके अंगठे जास्त.

प्रस्तुत लेखक याच मंडळींतला. वाशीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘एज ऑफ एम्पायर्स’ शिकलेल्या पिढीतला. अंगठा तोही देतो, पण या फोटोंवर त्याचा फारसा विश्वास नाही.

अविश्वासाचं पहिलं कारण सरळ आहे. हरलो की जुना सेव्ह लोड करायचा आणि जिंकेपर्यंत तीच लढाई घोटायची, ही सोय बहुतेक खेळांत असते. अशा जिंकण्याला ‘बलाढ्य शत्रूवर मात’ कसं म्हणायचं? दुसरं कारण संगणकाच्या अकलेचं. अवघड पातळी निवडली म्हणजे समोरचा एआय हुशार होतो असं नवख्याला वाटतं. ‘सिव्हिलायझेशन ६’च्या ‘डेइटी’ पातळीवर तो हुशार होत नाही, श्रीमंत होतो. आपण एक वसाहतकरी घेऊन सुरुवात करतो तेव्हा त्याच्याकडे तीन असतात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या नव्या, ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्तीतला एआय फुकटचं धान्य आणि सोनं न घेता खेळतो, म्हणून जुन्या खेळाडूंना त्याचं कौतुक. एरवी विषम सामना म्हणजे पैसेवाल्या ठोंब्याशी लढणं. ठोंब्याची खोड एकदा सापडली, की तो दरवेळी त्याच खड्ड्यात पडतो.

मग लक्षात राहावा असा विजय कुठला? ‘एम्पायर : टोटल वॉर’चंच घ्या. क्रिएटिव्ह असेंब्लीचा हा खेळ २००९ साली आला आणि मराठी घरांत त्याचं वेगळं अप्रूप झालं, कारण त्यात मराठे म्हणून खेळता येतं. मोहीम १७०० साली सुरू होते, १७९९ पर्यंत चालते, वर्षाला दोन टर्न. उत्तरेला अवाढव्य मुघल, बगलेत गोव्याचे पोर्तुगीज. दिसायला संकट मोठं. मात्र मराठे संगणकाच्या हाती सोपवले तरी ते अनेकदा मुघलांना गिळून टाकतात, ही गोष्ट जुन्या खेळाडूंत जगजाहीर आहे. म्हणजे मोहीम जिंकण्यात फार मोठेपणा नाही. मजा आहे ती एखाद्या लढाईत.

लेखकाच्या मनात घर करून बसलेली एक लढाई अशी. मुघलांची फौज जवळजवळ दुप्पट, हत्ती वेगळेच. आपल्याकडे बंदूकवाल्या थोड्या तुकड्या, दोन-तीन तोफा आणि घोडदळ. बंदूकवाले टेकडीच्या माथ्यावर न ठेवता माथ्याच्या मागच्या उतारावर बसवले, म्हणजे खालच्या तोफांना ते दिसतच नाहीत. घोडदळ डावीकडच्या झाडीत दडवलं. झाडीत उभी तुकडी जवळ येईपर्यंत शत्रूला दिसत नाही, हा या मालिकेचा जुना नियम. मुघल चढ चढून आले ते दमूनच. माथा ओलांडला तशी पहिली फैर अगदी तोंडावर बसली. हत्ती बिथरले आणि मागच्या आपल्याच माणसांत घुसले. नेमक्या त्या वेळी झाडीतून घोडे निघाले ते थेट सेनापतीवर. सेनापती पडला, एका तुकडीचं निशाण पांढरं झालं, मग शेजारच्या तुकडीचं, आणि बघता बघता सगळा उतार पांढऱ्या निशाणांनी भरला. या मालिकेत माणसं मरून संपायच्या आधी त्यांचा धीर संपतो. ते कळायला पुष्कळांना बरीच वर्षं लागतात.

पण ही झाली फोटोतली गोष्ट. जिंकून झालं होतं तीन टर्न आधीच. मुघलांच्या दोन फौजा एकमेकींच्या आधाराने चालत होत्या. खेळाच्या नियमाप्रमाणे जवळची फौज कुमकेला धावून येते, लांबची येत नाही. लेखकाने आपली फौज हळूहळू दक्षिणेला ओढत नेली, एक गाव लुटू दिलं, आणि पाठलागात एक फौज दुसरीपासून पुरेशी लांब आली तेव्हा टेकडी गाठली. शिवाय हल्ला करणाऱ्याने घड्याळ संपायच्या आत निकाल लावला नाही तर लढाई बचाव करणाऱ्याची. त्यामुळे चढ चढायची घाई त्यांना होती. हे सगळं ‘हिरोइक’च्या पाटीवर कुठेच येत नाही.

इथे इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. खेळ १७०० साली जिथून सुरू होतो ते वर्ष खरोखर कसं होतं? डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब जातीने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलमध्ये प्रयागजी प्रभूंनी लढवलेला सातारा पडला, पाठोपाठ परळी, म्हणजे आपला सज्जनगड. १७०१ मध्ये पन्हाळा गेला, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा. पंचविशीतल्या ताराराणी कारभार पाहत होत्या. पडद्यावरची पट्टी इथे असती तर मराठ्यांचा रंग शोधायला भिंग लागलं असतं. पण १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ छावणीतच वारला आणि घेतलेले किल्ले एकामागून एक परत गेले.

मराठे कसे टिकले? एक युक्ती खेळणाऱ्याला पटकन उमगेल अशी आहे. किल्ला पावसाळ्यापर्यंत झुंजवायचा, मुघल टेकीला आले की बोलणी लावून रक्कम घ्यायची आणि गड खाली करायचा. पुढे संधी मिळाली की पुन्हा घ्यायचा. बादशहाचा खजिना रिकामा होत गेला तो असा. गंमत म्हणजे ‘एम्पायर’मध्ये वाटाघाटीच्या पानावर प्रांत विकता येतो. पैसे घेऊन प्रांत देणं, त्या पैशांत फौज उभी करणं आणि तोच प्रांत परत घेणं याला खेळाडूंच्या जगात जरा नाक मुरडून ‘एक्सप्लॉइट’ म्हणतात. किल्लेदारांनी ऐकलं असतं तर हसले असते.

नवी मुंबईकराला तर हे शिक्षण घराजवळच मिळतं. बेलापूरचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला. आज तो सिडकोच्या नगरीत इमारतींच्या आड दडलाय. मोटारसायकल काढून खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलं, की चावणी गावाजवळ उंबरखिंडीचं स्मारक लागतं. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाइस्ताखानाने धाडलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरला आणि या अरुंद वाटेत सापडला. दोन्ही बाजूंच्या रानात शिवाजी महाराजांची माणसं. पुढे वाट बंद, मागे वाट बंद, पाणी जवळ नाही. बरोबरच्या रायबागनने शरण जायचा सल्ला दिला. खानाने खंडणी भरली, सामानसुमान टाकलं आणि जीव घेऊन गेला. खेळाच्या पाटीला दाखवायला मोठा आकडाच नाही. मेलेल्यांवरच शौर्य मोजणाऱ्या यंत्राने या लढाईला काय नाव दिलं असतं, कोण जाणे.

पालखेडची लढाई तर त्याहून वेगळी. १७२७ मध्ये निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष घेऊन पुण्यापर्यंत धडक मारली. त्याचा तोफखाना बाजीरावाकडच्या कशाहूनही भारी. बाजीराव पुण्याकडे फिरकलाच नाही. तो खानदेशात शिरला, बुऱ्हाणपुराला हूल दिली, गुजरातेत गेला आणि तिथून औरंगाबादेकडे वळला. निजामाला पुणं सोडून मागे यावं लागलं, आणि घाईपायी जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. वैजापूरजवळ पालखेडला मराठ्यांनी त्याला पाण्यावाचून कोंडलं. ही गोष्ट २८ फेब्रुवारी १७२८ ची. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. ‘एम्पायर’मध्ये हे घडवताच येत नाही, कारण तिथे फौजेला तहान लागत नाही. थंडीने, उन्हाने माणसं गळणं हे टोटल वॉरमध्ये ‘एम्पायर’च्या पुढच्या वर्षी, ‘नेपोलियन’मध्ये आलं.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या बाबतीत अधिक खडूस आणि म्हणून लेखकाला अधिक प्रिय. लढाईत ० ते ९ आकड्यांचा फासा पडतो आणि डोंगरात चाल करून जाणाऱ्याच्या फाशातून दोन वजा होतात. सह्याद्रीतल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. ‘आयर्नमॅन’ प्रकारात एकच सेव्ह असतो, मागे फिरता येत नाही. त्यातलं ‘थ्री माउंटन्स’ नावाचं आव्हान खेळाडूंत दंतकथेसारखं बोललं जातं : १४४४ सालचं र्‍युक्यू हे चिमुकलं बेटराज्य घ्यायचं आणि १८२१ पर्यंत सगळं जग आपल्या किंवा आपल्या मांडलिकांच्या ताब्यात आणायचं. हे करून दाखवणारे आहेत. त्यांची वर्णनं वाचली तर रणांगणातला पराक्रम फार थोडा दिसतो. कर्ज कधी काढायचं, मोठा शेजारी दुसऱ्या युद्धात अडकल्यावर नेमक्या कुठल्या महिन्यात त्याच्यावर चालून जायचं, किती प्रांत घेतले की बाकीचे सगळे युती करून उठतील, असल्याच हिशेबांनी पानं भरलेली असतात. ‘शोगुन २’ बनवणाऱ्यांना हे ठाऊक असावं. तिथे खेळाडू फार मोठा झाला की ‘रेल्म डिव्हाइड’ होतं आणि बहुतेक सारा जपान त्याच्यावर उलटतो. बलवान झालेल्याला पुन्हा एकटं पाडल्याखेरीज खेळात जीव राहत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ आला. तो १३३७ पासून सुरू होतो, देवगिरी तुघलकांच्या हातात असते तेव्हापासून. त्यात फौज धान्य खाते, धान्य वाहून नेणाऱ्या तुकड्या वेगळ्या असतात, आणि धान्य संपलं की फौज खंगते. म्हणजे पालखेडला लागणारा निम्मा माल तरी खेळात आलाय. उरलेला निम्मा शत्रूच्या स्वभावावर अवलंबून. पुण्यात बसलेल्या निजामाला बुऱ्हाणपूरची काळजी वाटली म्हणून बाजीरावाची हूल चालली. एआयला तशी काळजी वाटते की तो समोरचा वेढा पुरा करूनच हलतो, यावर नेरूळच्या ग्रुपात सध्या वाद चालू आहे, आणि या शनिवारी लेखक मुद्दाम आपली राजधानी उघडी ठेवून खानदेशाकडे निघणार आहे.