शिलोहाचा बुरूज

जवाहरनगर, जि. भंडारा

प्रिय सुहासिनी,



पुण्याच्या तुझ्या मंडळीत शिकवतात, की विश्वास पक्का असला की घरात बरकत येतेच. मग ज्याच्या घरी बरकत नाही त्याचा विश्वास कच्चा, असंच ना? आणि तू पत्रात विचारलंस, की आपल्या आयुध निर्माणीत स्फोट झाला तेव्हा देव कुठे होता. हे दोन्ही प्रश्न एकच आहेत, म्हणून एकत्रच लिहिते.

24 जानेवारी 2025, शुक्रवार. सकाळची पाळी चालू होती. स्फोट झाला आणि इमारतीचं छत खाली आलं. आठ कामगार गेले, पाच जखमी झाले. निर्माणी आहे म्हणून जवाहरनगर आहे, हे तुला सांगायला नको. इथे भोंग्यावर घरं चालतात. त्यानंतर सांत्वनाला येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य फार ऐकलं, 'देवाची इच्छा'. बाळा, मला ते मान्य नाही. ईयोबाच्या मित्रांनीही, हे तुझ्या पापाचंच फळ असं सांगून त्याचं दुःख वाढवलं होतं आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर.

लूकचा तेरावा अध्याय काढ. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची गोष्ट तिथे आहे. ती माणसं यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हती, असं येशूनं स्वच्छ सांगितलं. आणि लगेच तो ऐकणाऱ्यांकडे वळला, तुम्ही पश्चात्ताप करा म्हणाला. मेलेल्यांचा हिशेब त्यानं मांडला नाही, जिवंतांकडे मागितला. छत का कोसळलं याचं उत्तर माणसांनी द्यायचं असतं. देव कुठे होता, याचं मला सापडलेलं उत्तर एवढंच, की तो वधस्तंभावर होता, मार खाणाऱ्यांच्या बाजूला. यापेक्षा सोपं उत्तर कुणी दिलं तर ते घेऊ नकोस.

पैसा पाप आहे, असं मी म्हणत नाही. तू कष्टानं मिळवतेस, त्याचा मला अभिमान वाटतो. पण लाजराचा दाखला पुन्हा वाच. त्या श्रीमंतानं लाजराला लुटलं, असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. माणूस त्याच्याच दाराशी पडलेला होता आणि त्याचं जेवण रोज नीट चाललं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. याकोब तर त्याहून कडक आहे. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक देवाच्या कानी जाते, असं त्यानं पाचव्या अध्यायात म्हटलंय. रोवणीला येणाऱ्या बाईचे पैसे 'पुढच्या आठवड्यात देऊ' म्हणून थकवणारा माणूस रविवारी अर्पणाच्या थैलीत नोट टाकतो, तेव्हा मला याकोब आठवतो.

पंडिता रमाबाईंचं मी इतकं का सांगते, ते आज लिहून ठेवते. तरुणपणी दुष्काळातच त्यांचे आई-वडील गेले. उपाशी पोट त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. पुढे 1896-97 चा दुष्काळ मध्य प्रांतावर आला. आपला भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाईंच्या हाती पुण्याचं शारदा सदन, विधवा मुलींची शाळा, होतं. वर्गणी पाठवून त्या मोकळ्या झाल्या असत्या. पण त्या स्वतः या मुलखात आल्या, अनाथ मुली आणि बालविधवा गोळा केल्या, सोबत नेल्या. सगळ्यांना पुण्यात ठेवता येईना, तेव्हा त्यांची केडगावची जमीन कामी आली. तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. मुलींना नुसती भाकरी मिळाली नाही. त्या विणायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या, शेती करायला शिकल्या. कुणाचं उपकाराचं अन्न आयुष्यभर खावं लागू नये, ही रमाबाईंची प्रार्थना होती असं मी समजते. देव पोसतो म्हणतात ते मला केडगावात दिसतं.

तुझ्या दशमांशाचं विचारलंस. सगळा मंडळीच्या नव्या सभागृहाला देऊ नकोस. इथे कंत्राटी कामगारांची पोरं आयटीआयच्या फीसाठी अडतात, काही मुली बारावीनंतर घरी बसतात. त्यांच्यासाठी काही ठरवू. पण पैसे आधी पाठवू नकोस. कापणीच्या सणाला सुट्टी काढून ये. आपण दोघी त्यांच्या घरी जाऊ, आईबापांशी बोलू, काय हवं ते त्यांनाच विचारू. देणगीदार म्हणून तुझं नाव कुठेही लागणार नाही, हेही आत्ताच सांगते.

येण्याची तारीख कळव.

तुझी,
आत्या