आणि तू जेवलीस का?

परवाची गोष्ट. संध्याकाळी रोहा स्टेशनवर मेमूची वाट बघत उभी होते. म्हणजे उभी होते एवढं आठवतंय. नंतर एकदम बाकावर बसलेली होते आणि कुणी बसवलं ते माहीत नाही. डोळ्यांपुढे अंधारी, कानात गुंईऽऽ. शेजारी केळ्यांची टोपली घेऊन बसलेली एक मावशी पदराने वारा घालत होती. तिने दोनच प्रश्न विचारले.

"अंगावर पाजतेस ना गो?" माझ्या ओल्या झालेल्या ओढणीवरून तिला कळलंच होतं म्हणा.

"आणि सकाळपासून काय खाल्लंस?"

आठवून आठवून सांगितलं. दोन कप चहा, ओट्याशी उभ्याने खाल्लेली अर्धी भाकरी आणि ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाची बर्फी. डबा? तो पिशवीत तसाच. जेवणाच्या सुट्टीत दूध काढून ठेवायला बसले होते ना! मावशीने दोन केळी सोलून हातात दिली. पैसे घेईना.

गाडीत नागोठण्यापर्यंत नुसती रडत होते. (हल्ली मला साबणाची जाहिरात बघूनही रडू येतं, ते सोडा.) पण एक गोष्ट लख्ख कळली. गेल्या सात महिन्यांत "बाळाला दूध पुरतं का?" हे मला ओळखीच्या, अनोळखी सगळ्यांनी विचारलंय. "तू जेवलीस का?" हे कुणी विचारल्याचं आठवेना. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

माझं माहेर रोहा, सासर पेण आणि नोकरी पुन्हा रोह्यातच. बाळंतपणाला माहेरी होते तेव्हा खाणं ही माझी काळजीच नव्हती. सव्वा महिना आईचं राज्य! आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, जेवणावर बाळंतशोपा. मीच कटकट करायचे, किती खायला घालतेस म्हणून. मग पेणला आले. पुढे 26 आठवड्यांची रजा संपली. लाडवांचा डबा कधी रिकामा झाला कळलंही नाही आणि तो कुणी भरलाही नाही. जणू सव्वा महिन्यानंतर बाळ दूध प्यायचं थांबतं!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे गेले. म्हटलं, आता दूध आटेल का हो? त्या म्हणाल्या, "बाळ जेवढं ओढतं तेवढं दूध तयार होतं. तू एखादा दिवस उपाशी राहिलीस म्हणून ते लगेच आटत नाही. शरीर तुझ्यातून काढतं आणि त्याला देतं. चरबी तुझी, कॅल्शियम तुझ्या हाडांतलं. म्हणून तर तुझी उपासमार कुणाला दिसत नाही." काही गोष्टी मात्र आईतच कमी असतील तर दुधातही कमी पडतात. बी-12 त्यातलंच एक.

हिशोबही त्यांनीच सांगितला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली दिलेल्या शिफारशींप्रमाणे अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्त लागतात आणि पुढचे सहा महिने 520. म्हणजे जवळजवळ एक अख्खं जास्तीचं जेवण. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यातही स्तनदा मातेला अंगणवाडीतून द्यायचा आहार 600 कॅलरींचाच धरलाय. थोडक्यात, सरकारने हिशोब केला होता. आमच्या घरात कुणी केला नव्हता, मीसुद्धा.

रात्री घरी सगळं सांगितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सकाळी मी बाळाला घेऊन बसले तर उजव्या हाताशी स्टूल आलं, स्टुलावर ताटली. "तो पितोय तेवढ्यात तू खा." तेव्हापासून हाच नियम. एका हाताने खाता येईल असंच त्या करतात. पोहे (पेणचे, हे सांगायला नको!), गुंडाळलेलं घावन, उकडलेलं अंडं. शेंगदाण्याचे लाडू नवरा रात्री वळतो. आकार विचारू नका, पण पोटात गेल्यावर सगळे गोलच.

वालाचं बिरडंही परत सुरू झालं. "बाळाला वात होईल" म्हणून सात महिने बंद होतं. डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. रोह्याच्या मुलीला बिरड्यावाचून ठेवणं ही केवढी शिक्षा, ते रोहेकरांनाच कळेल!

राहिलं ऑफिस. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत आईला रोज दोन जादा सुट्ट्या कायद्याने मिळतात, जेवणाच्या सुट्टीखेरीज. मला ते माहीत होतं. पण मागायची लाज वाटत होती, म्हणून मी जेवणाची सुट्टी त्यात घालवत होते. शेवटी मागितली. आधी "बघू" झालं, मग मिळाली. आता दूध दुधाच्या वेळी आणि डबा डब्याच्या वेळी.

ती मावशी पुन्हा दिसली नाही. रोज बाकाकडे नजर जाते. दिसली तर डबा उघडून दाखवणार आहे, रिकामा.

असो. आत्या, काकू, मावश्यांनो, तुमच्यासाठी एक विनंती. बाळाला बघायला याल तेव्हा झबली-टोपडी नकोत. आमच्याकडे सोळा आहेत आणि त्याला त्यातली चारच येतात. येताना एक डबा भरून आणा. आणि बाळाला उचलून घ्यायच्या आधी बाळाच्या आईला विचारा, जेवलीस का गं?